उकिरड्यातले गणगोत

आपल्याकडची माणसे महूला जातात ती बहुतेक एकाच ओढीने. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म या लष्करी छावणीत झाला. २००३ पासून गावाचे सरकारी नावही डॉ. आंबेडकर नगर आहे. महूहून इंदूर वीस-पंचवीस किलोमीटर. जन्मभूमीचे दर्शन घेऊन परतताना या इंदुरातली आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरात माहीत असावी, म्हणून आज ती सांगते.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९०५ साली भारतात आले. बिहारमधल्या पुसा येथे बरीच वर्षे काढून १९२४ साली ते इंदूरच्या नव्या संशोधन संस्थेचे संचालक झाले. जमीन होळकर संस्थानाने दिली होती. तेथे यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत या मंडळींनी बसवली. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इंदूरकरांनी तो तीन महिन्यांतच फेडला!

खरे राबतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. आमच्या कानडी घरांत उकिरड्याला तिप्पे आणि खताला गोब्बर म्हणतात. तिप्पेचे गोब्बर होताना आत काय चालते, ते पाहण्याजोगे आहे. ढीग रचला की पहिल्या दिवसांत साधे जिवाणू आणि बुरशी त्यातली साखर, पिष्ट असा सोपा घास खातात. त्यांच्या श्वसनाची ऊब ढिगात कोंडते. पारा ४५ अंशांच्या वर गेला की हे पहिले पाहुणे आपल्याच उबेने हटतात आणि उष्णता मानवणारे जिवाणू पुढे सरतात. ढीग ६०-६५ अंशांपर्यंत तापतो. तणाचे बी आणि माश्यांच्या अळ्या त्यात मरतात. घास संपत आला की ढीग निवतो. मग बुरशी परत येते, सोबत ॲक्टिनोमायसीट नावाचे धाग्यासारखे जिवाणू येतात आणि काड्यांचा चिवट भाग फोडतात. मुरलेल्या खताला पहिल्या पावसासारखा वास येतो, तो याच धाग्यांचा.

हे गणगोत नुसते गुण्यागोविंदाने नांदत नाही. एकाचे उष्टे दुसऱ्याचे जेवण होते, तसा एक दुसऱ्याला विष घालून हाकलतोही. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली मातीतल्या अशाच एका जिवाणूपासून मिळाले. उष्णतेचे काही जिवाणू ढीग निवला की कठीण कवच घेऊन झोपतात आणि पुढच्या ढिगात जागे होतात. जुन्या खड्ड्यातले थोडे खत नव्यात टाकायचे ते यासाठीच. दह्याला विरजण लावतो, तसे.

इडलीच्या पिठाचेही असेच. आधी ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू पीठ फुगवतात, आंबवतात. आंबटपणा वाढला की तो सोसणारे दुसरे त्यांची जागा घेतात.

हे सारे आठवायचे कारण आपल्या शिवारातला धूर. ऊस तुटला की पाचट, म्हणजे आमच्याकडची रवदी, पेटवून द्यायची. मी जीवशास्त्र शिकवते, पण घरात हा विषय निघाला की मामंजींपुढे पुस्तक चालत नाही. त्यांचे म्हणणे, “रवदी ठेवली की खोडवा पिवळा पडतो.” यात तथ्य आहे. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे. जिवाणूंना अंग भरायला नत्र लागते. पाचटात ते मिळाले नाही की ते मातीतले उचलतात आणि पीक उपाशी राहते. हॉवर्ड-वाडांनी हेच ताडले होते. म्हणून आरंभी कर्बाचे सुमारे ३३ भाग आणि नत्राचा १ भाग असे प्रमाण त्यांनी ठरवले आणि नत्रासाठी शेण, मूत्र घातले. मुरलेल्या खतात हे प्रमाण १० ला १ वर येते. तेव्हा पीक आणि जिवाणू यांची ओढाताण मिटलेली असते.

तेव्हा मामंजींची अडचण खरी, पण तिचा उपाय काडेपेटी नव्हे. जाळले की पाचटातले बहुतेक नत्र हवेत जाते आणि वरच्या थरातले राबणारे जीव भाजून निघतात. त्यापेक्षा पाचट सरीत दाबावे, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू किंवा शेणकाला टाकावा आणि ओल राखावी. खड्डा करणार असाल तर तो घट्ट तुडवू नये. हवा कोंडली की घाण सुटते. इंदूरला ढीग तीनदा उलटत, तो हवेसाठीच. पाणी पिळून घेतलेल्या फडक्याइतकी ओल पुरते.

आमच्या घरी शेवटी तडजोड झाली आहे. यंदा चार सऱ्यांत रवदी दाबायची, बाकीचे मामंजींच्या मनाप्रमाणे. खोडवा कोणत्या सरीत हिरवा राहतो, ते मामंजीच पाहणार आहेत. तुमच्या घरीही वाद असेल तर असाच मिटवून पाहा. चार सऱ्यांना फार खर्च येत नाही.