अताई कोण आणि मिरासी कोण?

गाण्याच्या जुन्या घराण्यांत एक शब्द चालत असे, 'अताई'. लाहोरकडच्या गवयांत तो अजूनही ऐकू येतो. मराठी वाचकांपैकी बहुतेकांना तो ठाऊक नसेल. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणे नाही आणि तरीही जो गातो, तो अताई.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे शब्दाचे मूळ पाहिल्याशिवाय राहवत नाही. अरबीत 'अता' म्हणजे देणगी, बहाल केलेली गोष्ट. अताउल्ला हे नाव आपल्याकडे सर्रास ठेवतात. अर्थ, अल्लाहची देणगी. या हिशेबाने अताई म्हणजे ज्याला गळा वरून बहाल झाला तो. हा गौरवाचा शब्द व्हायला हवा होता. पण खानदानी उस्तादांच्या बैठकीत त्याचा अर्थ झाला अर्धवट, कच्चा, घुसखोर. हिंदी कोशात 'कुशल' आणि 'अर्धशिक्षित' हे दोन्ही अर्थ एकाच शब्दापुढे दिलेले आहेत. उर्दू वर्तमानपत्रांत तर 'अताई डॉक्टर' म्हणजे सरळ बोगस डॉक्टर!

आता दुसरा शब्द घ्या, 'मिरासी'. 'मीरास' म्हणजे वारसा. ज्याच्याकडे गाणे वारशाने आले तो मिरासी. पंजाबात वंशावळी सांगणाऱ्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जमातीचे हे नाव. अताईच्या बरोबर उलटा हा माणूस. म्हणजे याला तरी मान मिळायला हवा. पण शरीफ म्हणवणाऱ्या घरांत 'मिरासी' ही शिवी आहे. गंमत अशी की आपल्या महाराष्ट्रात याच शब्दाला पूर्वीपासून प्रतिष्ठा आहे. गावात वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. जमिनीची मिरास असली की माणूस मानकरी, गळ्याची मिरास असली की हलका. हा न्याय कुठला?

दोन्ही शब्द शेजारी ठेवा. घरात गाणे असेल तर मिरासी म्हणून हिणवायचे, नसेल तर अताई म्हणून. मग गायचे तरी कुणी?

मराठीनेही फार फुशारकी मारू नये. 'कलावंत' हा मोगल काळात धृपद गाणाऱ्या दरबारी गवयांसाठी वापरला जाणारा शब्द. आज मराठी कलावंत शाल-श्रीफळ घेतो. 'कलावंतीण' म्हटले की मात्र आवाज खाली जातो. शब्द एकच, बाईला लागला की डागाळतो.

माझे म्हणणे असे की हे शब्द गाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. ते फक्त 'तू कुणाचा?' एवढेच विचारतात. आणि हा प्रश्न किती पोकळ आहे, हे आपल्याच भूमीवर सिद्ध झाले आहे. किराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. स्वतः खानदानी गवई. पण त्यांचा सर्वांत नावाजलेला शागीर्द कोण? कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, एका शिक्षकाचा मुलगा, 2008 साली भारतरत्न. जुन्या व्याख्येने हे दोघेही अताई! कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांनी, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांनी, मल्लिकार्जुन मन्सूरांना तालीम दिली. मन्सूरांच्या घरात तरी गाण्याचा कुठला वारसा होता? या उस्तादांनी वंशाचा उंबरठा ओलांडला नसता, तर ही घराणी आज इतकी पसरली असती का?

यावर कुणी म्हणेल, तालमीशिवाय गाणे कच्चेच राहते, अताई शब्दात तेवढेच सुचवायचे आहे. तालमीबद्दल माझे दुमत नाही. नुसत्या गोड गळ्याने राग उभा राहत नाही. मग सरळ 'तालीम नाही' म्हणा ना! तालीम कमी असेल तर ती देता येते. बाप बदलून देता येत नाही.

संगीत जायज की नाजायज, हा वाद मी इथे बाजूला ठेवते. ज्यांना ते नाजायज वाटते, त्यांनी तसे म्हणावे. तो श्रद्धेचा मुद्दा आहे. पण 'आपण काय मिरासी आहोत का?' हा श्रद्धेचा मुद्दा नाही. ती जात आहे. शुक्रवारच्या खुत्ब्यात बराबरीवर माना डोलवायच्या आणि घरी येऊन जमातीची उतरंड लावायची, हा दुटप्पीपणा आपण कधी सोडणार?

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. नज्म म्हणायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरेही गप्प होतात. स्नेहसंमेलनात तिचे नाव घातले, तर घरून नकार आला, वरच्याच वाक्यासकट. त्याच घरात थोरल्या मुलाच्या क्रिकेटची बॅट कौतुकाने भिंतीवर टांगलेली आहे. मुलगी आता कविता वाचून दाखवते, चालीत म्हणत नाही.

तिला कुणी विचारले, 'तुमच्याकडे गाणे कुणाचे?' तर मी तिला एकच उत्तर शिकवीन. 'कुणाचे नाही, मी अताई आहे.' आणि ते मान वर करून म्हणायचे, कारण या शब्दाचा खरा अर्थ तोच आहे. देणगी नाकारणारे आपण कोण?