वृद्धापकाळचा आधार: घर कीं पंचायत?

वृद्ध व अपंग माणसांचा भार कोणी वाहावा, असा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून बहुधा एकच उत्तर येतें: "आमच्याकडे तशी वेळ येत नाहीं." एकत्र कुटुंबांत अंध आत्या किंवा पंगु काका अखेरपर्यंत सांभाळले जातात, हें खरें, आणि तें भूषणावहही आहे. परंतु ज्या घरांत सांभाळणारा स्वतःच उपाशी, त्या घरच्या म्हाताऱ्यांचें काय? आणि आमच्या काकांना दोन वेळचें अन्न मिळालें म्हणजे सर्व कांहीं मिळालें काय? या दोन प्रश्नांचा विचार आज वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

आमचा नगर जिल्हा, ज्याला सन २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. अकोले तालुक्यांतील डोंगरी वस्त्यांपासून जिल्ह्याचें ठाणें शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. सरकारी सवलतींसाठीं निदान ४० टक्के अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला लागतो. म्हणजे ज्याचे पाय चालत नाहींत, त्यालाच सर्वांत अधिक खेटे घालावे लागतात!

मदतीच्या योजना नाहींत असें नाहीं. संजय गांधी निराधार अनुदान योजना सन १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांपुढील गरीब वृद्धांसाठीं श्रावणबाळ योजना आहे. या योजनांतील मासिक रक्कम सन २०२३ मध्यें १,००० रुपयांवरून १,५०० झाली, आणि अपंगांसाठीं ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्यांत आली. अर्ज तहसील कचेरींत करावयाचा असतो. परंतु श्रावणबाळाची अट पाहा: कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत हवें. सन २०२५-२६ मध्यें रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबानें घरांतील एका माणसानें वर्षांत सत्तर दिवस खडी फोडली, तरी घर या मर्यादेबाहेर जातें. अशी अट गरिबाला खोटें बोलावयास तरी लावते, नाहीं तर उपाशी तरी ठेवते. ती बदलावी असें म्हणणें हें ज्यांना लिहितां-बोलतां येतें, त्यांचेंच काम आहे.

दुसरी गोष्ट याहून जवळची. ग्रामपंचायत, पंचायत समिति व जिल्हा परिषद यांनीं आपल्या स्वतःच्या उत्पन्नांतील पांच टक्के रक्कम अपंगांसाठीं खर्च करावी, असा राज्याचा नियम आहे; पूर्वीं हा वांटा तीन टक्के होता. घरपट्टी-पाणीपट्टीपासून ज्या गांवास दहा लाखांचें उत्पन्न होतें, तेथें हे पन्नास हजार रुपये झाले. त्यांत कोणाला तीनचाकी सायकल, कोणाला श्रवणयंत्र मिळूं शकेल. शाळेच्या पायऱ्यांशेजारीं एक उतरण बांधतां येईल. पण मागणाराच पुढें आला नाहीं, तर हा पैसा कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. बहिऱ्यानें ग्रामसभेंत काय ऐकावें, आणि अंथरुणास खिळलेल्यानें तेथें कसें जावें? त्यांच्या वतीनें उठून "गांवांत अपंग किती, त्यांची नोंद कोठें, आणि पांच टक्क्यांचें काय झालें?" एवढें विचारणारा एक शिकलेला माणूस पुरे आहे.

कोणी म्हणतील, सरकारनें पैसे दिले कीं मुलांची माया आटेल. ही भीति निराधार आहे, कारण कायद्यानें मुलांस मोकळें सोडलेलें नाहीं. सन २००७ च्या कायद्याप्रमाणें उपेक्षित मातापित्यांस प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मागतां येते. त्यासाठीं वकील देण्याची गरज नाहीं. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नांवें करून दिलें आणि त्यानें सांभाळलें नाहीं, तर तें दानपत्रही रद्द ठरूं शकतें. लातूर जिल्हा परिषदेनें तर सन २०२१ मध्यें आईबापांस टाकणाऱ्या आपल्या सेवकांच्या पगारांतून तीस टक्के कापून ते त्या आईबापांस देवविले. त्या सेवकांत शिक्षकही होते, ही गोष्ट सुशिक्षितपणाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां सर्वांस खालीं पाहावयास लावणारी आहे.

घर आणि पंचायत हे परस्परांचे वैरी नव्हेत. माया घरानेंच द्यावयाची. ती कोणत्याही कचेरींत मंजूर होत नाहीं. पण चाकाची खुर्ची मायेनें होत नाहीं, आणि हक्काचा दाखला काढल्यानें घराची अब्रू जात नाहीं. अंध आत्याला कोपऱ्यांत बसवून सांभाळण्यापेक्षां, हातांत पांढरी काठी देऊन देवळापर्यंत एकटें जातां येईल असें करणें हीच तिची खरी सेवा. आमच्या गृहिणींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, आपल्या घरीं धुणीभांडीं करणाऱ्या बाईस एकदां विचारावें, तिच्या सासूचा अर्ज झाला आहे काय. झाला नसल्यास तो लिहून द्यावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाहीं. तिच्या सासूचें मात्र उरलेलें आयुष्य त्यावर अवलंबून असूं शकेल.