फावल्या वेळचे उद्योग : अण्णांचा रेडिओ आणि सूर फाडणारी डबी

मंडळी, गेल्या खेपेला मिक्सरच्या कार्बन ब्रशबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच वहिनींचे फोन आले. या खेपेचा उद्योग वहिनींना आवडेलसं वाटत नाही. आमच्या सौ.ला तर मुळीच आवडला नव्हता.

आमचे चिरंजीव बारावीत आहेत आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. एका शुक्रवारी म्हणाले, "बाबा, मला जुन्या पद्धतीचा ऑक्टेव्ह फझ करून देशील?"

म्हणजे पायानं दाबायची एक डबी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की फाटतो आणि त्याच सुराच्या डोक्यावर एक सप्तक उंच दुसरा सूर उमटतो. कपलरच्या पेटीत एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली आपोआप खाली जाते ना, तसंच. फक्त इथे काम वीज करते. रॉजर मेयर हा इंग्रज गृहस्थ आधी ब्रिटिश नौदलासाठी ध्वनी आणि कंपनं यांवर काम करायचा. त्यानं ही करामत जिमी हेंड्रिक्सला करून दिली आणि १९६७ च्या 'पर्पल हेझ'मध्ये ती जगानं ऐकली.

आता मी पंचवीस वर्षं प्लांटवर सिग्नल स्वच्छ ठेवण्याचा पगार घेतोय. तो मुद्दाम बिघडवून मागणारा हा पहिलाच! पण सर्किट पाहिलं आणि हसू आलं. आत चक्क आपला फुल वेव्ह रेक्टिफायर. लाटेचा खालचा अर्धा भाग उलटा करून वर आणायचा. एका लाटेच्या जागी दोन उंचवटे. म्हणूनच ५० हर्ट्झच्या विजेचा डीसी करताना १०० हर्ट्झची घरघर येते. गिटारची ए ची मोकळी तार ११०, तिचे होतात २२०. मंद्राचा मध्य झाला की हो!

सामान फार नाही. दोन-तीन ट्रान्झिस्टर, मध्ये टॅप असलेला चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि जर्मेनियमचे दोन डायोड. सिलिकॉनचा डायोड ०.६-०.७ व्होल्ट मिळाल्याशिवाय दार उघडत नाही, जर्मेनियम ०.२-०.३ ला उघडतं. त्यामुळे विरत जाणारा सूर लवकर तुटत नाही. अबू हमूरला आमच्या जवळच्या दुकानांत मोबाइलची कव्हरं हवी तेवढी. जर्मेनियम म्हटल्यावर पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

पण हे सगळं सामान घरात होतं, अण्णांच्या रेडिओत. १९८१ च्या सुट्टीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून वडिलांनी आणि मी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात तो जोडला होता. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, दोन एसी १२८, डिटेक्टरला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ओए ७९. झाकणाच्या आत चिकटपट्टीखाली आणखी एक डायोड आणि अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'ओए ७९, जादा'. गँग कंडेन्सर गंजल्यामुळे रेडिओ सहा वर्षं मुकाच होता, तरी सौ. म्हणाली, "अण्णांचा रेडिओ मोडणार? या ठणाणासाठी?" दोन आठवडे विषय बंद. मग चिरंजीवच म्हणाले, "राहू दे बाबा, ऑनलाइन मागवतो." त्या 'राहू दे'नं मी उठलो आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

पहिल्या टप्प्याला हौसेनं एसी १२८ च घातला. वाजला छान. जुलैत डबी दुपारभर गाडीत राहिली आणि संध्याकाळी आवाज घसा बसल्यासारखा. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. दोह्याच्या उन्हात गाडीत काय होणार! त्या जागी सिलिकॉनचा बीसी ५५७ बसवला, एक-दोन रेझिस्टर बदलले. डायोड मात्र अण्णांचेच ठेवले.

खरं भांडण पुढे झालं. दोन्ही डायोड अगदी सारखे नव्हते, म्हणून एक उंचवटा ठेंगणा येई. मी प्रीसेट घालून ऑसिलोस्कोपवर दोन्ही तंतोतंत जुळवले. चिरंजीवांनी वाजवून पाहिलं. "बाबा, बरोबर आहे, पण मेलंय." स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रीसेट पाव फेरा फिरवला आणि पुन्हा वाजवलं. मला पटलं नाही, पण वाजत होतं त्याचंच बरं. एक डायोड तोडणारा स्विचही बसवलाय. वरचं सप्तक जवळजवळ जातं आणि नुसती फाटकी गुरगुर उरते.

कुणी करणार असाल तर बाराव्या पडद्याच्या वर वाजवा, मानेजवळचा पिकअप, टोन कमी. आणि एका वेळी एकच तार. दोन सूर एकत्र दिलेत तर आत मारामारी होते. मींड मात्र झकास येते, एवढं सौ.नंही कबूल केलं.

रेडिओचं खोकं स्पीकरसकट पुन्हा फडताळावर आहे. चिठ्ठी डबीच्या झाकणात चिकटवलीये.

गिटारची पिन उपसल्याशिवाय आतली बॅटरी बंद होत नाही, हे चिरंजीवांना चार वेळा सांगून झालं. परवा रात्री पुन्हा तेच. मीच उठलो, पिन काढायला वाकलो, आणि घरात सगळे झोपलेत अशी खात्री करून आवाज अगदी बारीक ठेवून आधी एक तार छेडली. बाराव्या पडद्याच्या वर.