वारसा एक, भोग निराळे
मूत्रपिंडांत पाण्याच्या पुटी वाढवीत नेणारा, प्रौढपणी प्रकटणारा बहुपुटी विकार घराण्यातून उतरतो. आईबापांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास जडण्याची शक्यता निम्मी. तथापि एकच जनुकदोष घेऊन जन्मलेल्या दोघा भावांपैकी एकाची मूत्रपिंडे पन्नाशीत निकामी होतात, तर दुसरा सत्तरीतही धडधाकट दिसतो. या दिसण्यावर विसंबणे घातक होय. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातलगास दानाची वाट मोकळी ठेवली. परंतु येथे दाता होऊ पाहणारा भाऊच अजाण रुग्ण असू शकतो. रक्तदाब वेळीच आवरल्यास हानी लांबविता येते. सोयरीक मोडेल या धास्तीने रोग दडविणारे कुटुंब अब्रू राखीत नाही. पुढल्या पिढीच्या हातचा अवधी तेवढा हिरावून घेते.