कारभाऱ्याला मालक कोणी केले?

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवतो न शिवतो, तोच थोरला तलाठ्याच्या दारात हजर! हातात कागद. कागदावर म्हाताऱ्याचा अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि अंमलबजावणी थोरल्याने करावी, असे एक वाक्य. ज्या म्हाताऱ्याला सहा महिने पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता, त्याने शेवटच्या आठवड्यात चार पानी मजकूर ऐकून, समजून, मान्य केला म्हणे! बहिणींना तो कागद दिसतच नाही. त्यांना दिसतो तो फेरफार, तोही सातबाऱ्यावर उतरल्यावर. या लुटीला आपल्याकडे ‘कारभार’ असे भारदस्त नाव आहे.

कायदा असल्या कारभाऱ्याला ओळखत नाही. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला, मिळकत ताब्यात घेऊ देतो, दावे लावू देतो, देणी फेडू देतो, वेळ पडल्यास विकूही देतो. पण हे सारे मृताच्या वतीने आणि वारसांसाठी. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी कोर्टात आणि वर्षाच्या आत हिशेब. मिळकत स्वतःच विकत घेतली तर हितसंबंधी वारस ती विक्री रद्द करून घेऊ शकतो. उधळली तर भरपाई त्याच्या खिशातून. मग इतका बंदोबस्त गळतो कुठे? महाराष्ट्रात हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती २०२५ पर्यंत होती ती फक्त मुंबई शहरात आणि तिथल्या मिळकतीला, आता तीही नाही. पारनेर तालुक्यातला थोरला कोर्टाची पायरी न चढता थेट सातबाऱ्यावर चढतो. यादी कोण मागणार? हिशेब कोण तपासणार?

आणि हिशेब द्यायला लागणे हा ज्यांना अपमान वाटतो, त्यांनी टिळकांकडे पाहावे. पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले आणि मृत्युपत्राने व्यवस्थेचे ओझे टिळकांच्या गळ्यात पडले. दत्तकावरून विधवा ताई महाराजांशी वाद जुंपला. प्रोबेट रद्द झाले, १९०३ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपावरून शिक्षा झाली, पुढच्या वर्षी हायकोर्टाने ती उडवली आणि दिवाणी वादाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने दिला तो १९१५ साली. त्या खटल्यात सरकारचा डाव किती आणि घरभेद किती, याची चर्चा होत राहील. पण लोकमान्य म्हणवला जाणारा माणूस परक्या घराच्या मिळकतीसाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. गावचा थोरला मात्र सख्ख्या बहिणीपुढे उभा राहायला तयार नाही!

मृत्युपत्र नसेल तर त्याच्याकडे दुसरे हत्यार आहे : हक्कसोड. “आक्का, सोसायटीच्या कर्जाला तुझी सही लागती,” एवढेच सांगायचे, भाऊबीजेच्या ताटात साडी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यायचे. फोटो निघतो, अंगठा उमटतो, जन्माचा हिस्सा जातो. विचारलेच तर माहेर तुटेल ही धमकी आहेच. सही न करणाऱ्या बहिणीचे नाव पूर्वी कब्जेदारात न लावता ‘इतर हक्क’ या कोपऱ्यात टाकत आणि सगळी जमीन ‘एकुमॅ’च्या नावे चाले. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणे! मॅनेजर तो, आणि मिजास वतनदाराची!

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर, लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात असण्याची गरज नाही. “आमची वाटणी तोंडी झाली होती” ही भावांची लाडकी सबबही न्यायालयाने सहजासहजी ऐकायचे नाकारले.

२००५ हे साल पारनेर तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीला सांगायला नको. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला पूर्ण अमलात आला. मुलींच्या हक्कानंतर जेमतेम महिन्याने. माहितीच्या अधिकारासाठी याच गावच्या अण्णा हजारे यांनी उपोषणे केली. मुलींच्या हक्कासाठी कोणत्या गावात मंडप पडला? मंत्रालयातली फाइल उघडा म्हणून गर्जणारा महाराष्ट्र घरच्या पेटीतला कागद बहिणीला दाखवायला तयार नाही, हे ढोंग आहे.

राळेगणचे नाव आम्ही आरोपी म्हणून घेत नाही, त्या गावाचा अधिकार मोठा आहे म्हणून घेतो. बांधबंदिस्तीच्या श्रमदानाला बायका होत्याच. पाणी अडले, जमिनीला मोल आले. शेजारी सुप्याची एमआयडीसी आली, मोल आणखी चढले. उजाड माळावर कोणी भांडत नाही, भांडण लागते ते पिकणाऱ्या आणि विकणाऱ्या जमिनीवर.

म्हणून राळेगणच्या ग्रामसभेने पहिले पाऊल टाकावे. चावडी वाचनात प्रत्येक वारस नोंद मोठ्याने वाचावी, बहिणींच्या नावांसकट. मृत्युपत्रावरचा फेरफार आला की मूळ कागद सगळ्या वारसांपुढे ठेवावा आणि अंमलबजावणी करणाऱ्याने तिथेच मिळकतीची यादी द्यावी. हक्कसोड असेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करण्याआधी त्या बाईला बोलावून, भाऊ बाहेर बसवून, तिचा जबाब घ्यावा. आणि “हा आमच्या घरातला मामला” म्हणत जो आडवा येईल, त्याला भर सभेत विचारावे : तुझ्याच शेतातल्या झाडाला कुऱ्हाड लावू नकोस असे गावाने बजावले, तेव्हा तो मामला कोणाच्या घरातला होता?