करार दोन सरकारांचा, जोखीम कोणाची?

परदेशी कंपनीने लाच देऊ नये, दलाल नेमू नये, गरज पडल्यास हिशेबाच्या वह्या तपासू द्याव्यात आणि आगाऊ रकमेपोटी बँक हमी द्यावी, अशा अटी संरक्षण खरेदीच्या आपल्या नियमावलीत आहेत. बोफोर्स प्रकरणाचे चटके बसल्यानंतर त्या कडक होत गेल्या. मात्र खरेदी दोन सरकारांमधील करारान्वये होत असेल, तर या चाकोरीबाहेर जाण्याची मुभाही २०१३च्या नियमावलीने दिली होती.

फ्रान्सशी २३ सप्टेंबर २०१६ रोजी झालेल्या ३६ राफेल विमानांच्या, सुमारे ५९ हजार कोटी रुपयांच्या करारात या मुभेचा वापर झाला. विधी मंत्रालयाने हमी घेण्याचा सल्ला देऊनही अखेर फ्रान्सच्या पंतप्रधानांच्या आश्वासनपत्रावर समाधान मानण्यात आले. दलाली व हिशेब तपासणीची कलमे कंपन्यांच्या पुरवठा करारांतून वगळल्याचे वृत्त ‘द हिंदू’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिले. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी किरकोळ विचलनामुळे करार रद्द ठरत नाही, असे सांगून याचिका फेटाळल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. २०२२ अखेर सर्व विमाने दाखलही झाली.

मग या अटींचे महत्त्व ते काय? उत्तर ऑगस्टा वेस्टलँड प्रकरणात आहे. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या १२ हेलिकॉप्टरांचा २०१०चा करार सरकारने १ जानेवारी २०१४ रोजी रद्द केला, तो सचोटी कराराच्या भंगाच्या आधारे. पैसे परत मिळवण्यासाठी बँक हम्या वटवता आल्या. आश्वासनपत्र असे वटवता येत नाही. राफेल करारात भंग झालाच असता, तर आधी कंपनीशी लवाद, मग सर्व कायदेशीर उपाय आणि त्यानंतरच फ्रान्स सरकारची जबाबदारी, असा क्रम असल्याचे महालेखापालांचा अहवाल सांगतो. हमीचा वाचलेला खर्च भारताच्या पदरी पडायला हवा होता, असेही त्यात नमूद आहे.

सवलतीला किंमत असते, हा याचा अर्थ. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठीच्या २६ राफेलचा सुमारे ६३ हजार कोटींचा करारही सरकारांमध्येच झाला. हा मार्ग रूढ होत असेल, तर प्रत्येक वगळलेल्या अटीमागील कारण आणि तिचे मोल संसदेसमोर मांडले जाणे अगत्याचे आहे. मैत्री दोन देशांची असली, तरी पैसा करदात्यांचा असतो.