पंगतीतलं मीठ



गुढीपाडव्याच्या जेवणाचा बेत ठरतो आहे. यंदा आम्ही भोजन समितीकडे एकच मागणी केली आहे : सगळ्या पानात मिळून माणशी दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. सणाच्या तोंडावर मीठ आणि किडनीचा हा विषय काही जणांना रुचणार नाही, पण तो आणखी पुढे ढकलावा असं आम्हाला वाटत नाही.

मार्चचा दुसरा गुरुवार २००६ पासून जागतिक किडनी दिन म्हणून पाळला जातो. किडनी निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब, आणि आपल्या मंडळात या दोन्हींच्या गोळ्या घरोघरी आहेत. इथे ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांना मधुमेह गोऱ्यांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो. डायलिसिसची वेळही त्यांच्यावर जास्त प्रमाणात येते. मग किडनीसाठी नाव नोंदवलं, तरी जुळणारे आशियाई दाते कमी असल्यामुळे जास्त थांबावं लागतं.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. एकेका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गेलेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. तिचं काम उरलेल्या करतात. म्हणूनच निम्म्याहून अधिक काम थांबलं तरी माणसाला बरंच वाटत राहतं. जास्त मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो आणि या गाळण्यांच्या नाजूक रक्तवाहिन्या रोज थोड्या थोड्या झिजतात.

आपलं घरचं जेवण मुळात चांगलं आहे. भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण, बिनसाखरेचं ताक यांत बदलण्यासारखं फारसं नाही. मीठ शिरतं ते पाकिटांतून : फरसाण, वेफर्स, नूडल्स, तयार पराठे, सूप. इथल्या पाकिटांवर शंभर ग्रॅममागे मीठ किती ते लिहिलेलं असतं; दीड ग्रॅमच्या वर म्हणजे लाल खूण. भारतातून आलेल्या पाकिटावर मात्र बहुधा सोडियमचा आकडा असतो, तोही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुणायचं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. इथली आरोग्यसेवा मोठ्या माणसाला दिवसाला सहा ग्रॅमची मर्यादा सांगते, जागतिक आरोग्य संघटना पाचाहून कमी.

आणि मग पानाची डावी बाजू. तिथे लोणच्याची एक फोड आणि बोटभर चटणी असायची. आता लोणचं डावानं वाढलं जातं आणि पापडांची परात दोनदा फिरते. टिकाऊ लोणच्यात वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतकं मीठ असतं, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या एका चमच्यात दीड ग्रॅम. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियमच. दीडशे पानांना आमचा हिशेब ३०० ग्रॅम मिठाचा आहे, आणि त्यात हे सगळं धरलेलं आहे. चव राखायची तर आमसूल, लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर, हिंग-जिऱ्याची फोडणी हाताशी आहेच. काकूंच्या पिढीला हे शिकवण्याची गरज नाही.

ज्यांच्या किडनीचं काम आधीच कमी झालं आहे, त्यांचं पथ्य मात्र वेगळं. दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि ते त्यांना घातक ठरू शकतं. नारळपाणी, केळी, डाळी किती खायच्या हेही त्यांनी आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं. भारतातून आई-बाबा येतात तेव्हा त्यांच्या औषधांच्या पिशवीवर एकदा नजर टाका. गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी किडनीला त्रास देते, आणि ती ‘औषधांत’ मोजलीच जात नाही.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकानं आपल्या जीपीकडे वर्षातून एकदा दोन तपासण्या मागाव्यात : रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन.

पाडव्याला स्वयंपाकघरात मीठ प्रत्येक पाळीत एकच व्यक्ती घालेल, तेही वजन करून. आमटी ढवळायला येणाऱ्या प्रत्येकानं चव बघून चिमूटभर टाकायची पद्धत यंदा बंद. या कामासाठी दोन स्वयंसेवक हवे आहेत, एक सकाळच्या पाळीला आणि एक दुपारच्या. नावं सचिवांकडे द्यावीत. स्वयंपाकघरातला काटा मंडळाचा असेल.